रविवारची खारी

करडई काढायची ती दव असतानाच. एकदा ऊन वर आलं की काटा ताठ होतो आणि मग झाडाला हात लावायची सोय राहत नाही. म्हणून हेमावती आणि शेजारची बजाबाई फटफटायच्या आधीच रानात उतरल्या होत्या. दोघींनी पोटऱ्यांना गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळलं होतं आणि हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. चिंध्या दवानं ओल्याकच्च झाल्या होत्या. ओल्या चिंधीतूनही एखादा काटा आत घुसायचाच.

"ह्या पिकाला मजूर मिळंना यात काय नवल न्हाय," बजाबाई वाकल्या वाकल्या म्हणाली. "पोरी म्हणत्यात, ज्वारी काढतो, कांदा काढतो, करडईचं नाव काढू नका."

"मग तू का आलीस?"

"तुझं त्वांड बघून आले. न्हाय म्हनवंना."

हेमावती हसली, पण हसायलाही पाठीला कळ लागली. यंदा करडई एकदम वाळली होती. बोंडं तडकायला लागली होती. चार दिवस उशीर झाला की सगळं बी मातीत. ज्वारी कशीबशी काढून झाली, कडबा रचून झाला, आणि आता ही राहिली होती. पूर्वी ती आणि तिचा नवरा बसलिंगप्पा दोघं मिळून काढत. तो पुढं विळा चालवायचा आणि ही मागं ढीग घालायची. बोलणं असं काही नसायचं. विळ्याच्या आवाजावरून तिला कळायचं, गडी दमला का चिडला.

आता बसलिंगप्पा बांधावर बसला होता. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडं, उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली, सोलापूरला नेऊन स्प्रिंग बसवली. त्यातून उठतोय तोवर दिवाळीनंतर एका सकाळी दाताला मशेरी लावता लावता त्याचं तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली बारीक नस बंद झाली. तोंड सरळ झालं, पाय चालू झाला, पण शब्द कुठंतरी सांडले ते सांडलेच.

"ए," त्यानं बांधावरून हाक मारली. "ते आण की. ते."

"काय आणू?"

"ते... ते गं." त्यानं डावा हात हवेत फिरवला. "वलं."

"पाणी व्हय?"

त्यानं मान हलवली आणि तोंड फिरवलं. शब्द मिळाला नाही की तो असा रुसायचा, जणू तो हेमावतीनंच लपवून ठेवला होता. ती तांब्या घेऊन गेली. घोटभर पाणी त्याच्या हनुवटीवरून गळ्यात ओघळलं, ते तिनं पदरानं पुसलं.

"माझ्या मालकाला समदे शब्द येत्यात," बजाबाई म्हणाली, "पर त्यातला एक बी कामाचा न्हाय. तुझं बरं हाय म्हन."

सूर्य वर आला आणि काटा लागायला लागला, तेव्हा दोघींनी विळे ठेवले. हेमावतीनं घरी येऊन पायाचं गोणपाट सोडलं. पोटऱ्यांवर बारीक लाल रेघा उमटल्या होत्या. कोनाड्यात हळदीच्या डब्यामागं करडईच्या तेलाची एक छोटी बाटली होती. त्यातले दोन थेंब घेऊन तिनं हाताला आणि टाचेच्या भेगांना चोळले. तेलाचा तो वास नाकात शिरला की तिला माहेर आठवायचं. अक्कलकोटच्या पलीकडं तिच्या बापाचा लाकडी घाणा होता. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गरागरा फिरायचा, घाणा कुरकुरायचा, आणि खाली कोमट, मधासारखं तेल झिरपायचं. पोरं पेंडीचा खडा गुळाबरोबर खात बसायची. कढत भाकरीचा तुकडा त्या तेलात बुडवून बाप तिच्या हातावर ठेवायचा. तेलानं माणूस मरतो हे तिनं म्हातारपणी पहिल्यांदा ऐकलं.

छातीच्या दुखण्यानंतर घरातलं सगळं खाणंच बदललं होतं. तेलकट कमी करा असं दवाखान्यात सांगितलं, आणि घरच्यांनी ते बंद करा असं घेतलं. सून महेश्वरी आली, तिनं तेलाचा डबा उचलून बजाबाईला दिला. शेंगाची चटणी गेली, जवसाची गेली, लोणचं गेलं. उकडलेला दोडका आणि बिनफोडणीचं वरण. एका चुलीवर दोन चवी करणं जिवावर यायचं म्हणून हेमावतीही तेच खायची. बसलिंगप्पा भाकरीचा घास तोंडात घोळवत बसायचा. गिळायला त्याला कितीतरी वेळ लागायचा.

तेवढा एक चहा आणि खारी मात्र तो मिटक्या मारत खायचा.

दुखणाईताला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. पावसाळ्यात बसलिंगप्पा दवाखान्यातून आला तसे लोक येऊ लागले. कुणी टोस्ट आणलं, कुणी बिस्किटं. अमरेश, त्यांचा एकुलता मुलगा, सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका बेकरीतून खारी घेऊन आला. हलकी, फुंकर मारली तर उडेल अशी. आजारी माणसाला आणखी काय मानवणार? तेव्हापासून दर रविवारी अमरेश फटफटीच्या हँडलला पुठ्ठ्याचा डबा अडकवून यायचा. डब्याला लाल दोरा असायचा. बसलिंगप्पा सकाळपासून सोप्यात बसून राहायचा. महिना कुठला ते त्याला सांगता येत नव्हतं, पण रविवार कळायचा. दोन वेळच्या चहाला तो खारी खायचा, आणि जेवण गेलं नाही की तिसऱ्या वेळेलाही. आठवडा संपायच्या आत डबा संपायचा.

त्या रविवारीही तो तसाच बसला होता. फटफटीचा आवाज आला तसा उठून उभा राहिला.

"आला. अमऱ्या आला."

अमरेशनं डबा बापाच्या हातात दिला. त्यानं दोरा दातांनी सोडला, डाव्या हातानं खारी काढली आणि चहात बुडवली. चहावर तेलाचे बारीक डोळे तरंगले. हेमावती ते रोज बघायची. नंतर कप घासताना काठाला पांढरं काहीतरी चिकटलेलं असायचं, राख लावून गरम पाण्यानं धुवावं लागायचं. दुधाची साय असेल असं ती समजायची.

अमरेश चहाला बसला नाही. तो टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात होता आणि वागायलाही तसाच टापटिपीचा, बाहेर चप्पल जुळवून ठेवणारा. आज त्यानं चप्पल भिरकावली होती.

"अव्वा, आत ये जरा."

महेश्वरी त्याच्यामागून आली. स्वयंपाकघरात तिघं उभी राहिली, तशी ती खोली भरून गेली.

"अप्पाचं रक्त तपासलेलं, त्याचा रिपोर्ट आला," अमरेश म्हणाला. "चरबी वाढलीया. आधीपेक्षा बी जास्त. डॉक्टर म्हणत्यात, गोळ्या चालू हायत मग ही येती कुठनं?"

"गोळ्या मी रोज देती."

"गोळ्यांचं न्हाय विचारत मी. खरं सांग. तू तेल घालतीस का न्हाय?"

"न्हाय रे बाबा."

"अगं, आपल्याच माणसाची दया येती, मी समजू शकतो..."

"न्हाय म्हनलं की."

अमरेशनं कढई उचलली आणि आतून बोट फिरवलं. बोटाचा वास घेतला. मग तव्याचा घेतला. डब्यांची झाकणं काढून आत बघितलं. हेमावती भिंतीला टेकून उभी राहिली. या पोराला तिनं याच चुलीपुढं मांडीवर घेऊन भात भरवला होता. त्यानं कोनाड्यात हात घातला, हळदीचा डबा सरकवला, आणि बाटली निघाली.

"हे काय हाय?"

"हाताला लावायला. काटं लागत्यात." तिनं दोन्ही हात पुढं केले. "बघ की."

अमरेश बाटलीकडंच बघत होता. हात बघितले ते महेश्वरीनं. तिनं बघितले आणि मान खाली घातली.

"उद्या अप्पाला दवाखान्यात न्यायचं हाय," अमरेश म्हणाला. "तितनं तसंच आमच्याकडं न्हेतो. आता हितं ठेवायचं न्हाय. हितं ठेवलं तर..." त्यानं बाटलीचं बूच दाबलं. "कायमचंच न्हेतो."

"आत्या, तुम्ही पण चला ना," महेश्वरी म्हणाली.

"आन रानात करडई उभी हाय ती?"

 बाटली अमरेशनं खिशात घातली.

जुळे सोलापुरातला तो फ्लॅट हेमावतीनं बघितला होता. दिवाळीनंतर दवाखान्यातून सुटल्यावर बसलिंगप्पाला आधी तिथंच नेलं होतं. सगळे दरवाजे एकासारखे एक. एक दिवस तो चुकून बाहेर पडला आणि त्याला परत घर सापडेना. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी चपलांच्या शेजारी तो भेदरून बसलेला सापडला होता. इथं वळसंगात त्याच्या डोक्यात नावं राहत नसली तरी पायात वाटा होत्या. विहीर, मठ, बांध, घर. पाय त्याला न विचारता घरी आणायचे. त्या फ्लॅटमध्ये पायांनाही काही माहीत नव्हतं. तिथं गेला तर उरलासुरला माणूसही हरवेल, हे हेमावतीला कळत होतं. पण ज्या बाईच्या कोनाड्यात तेल सापडलं, तिचं कोण ऐकणार?

तिनं त्याची दोन धोतरं, सदरे आणि गोळ्यांची पिशवी बांधून ठेवली. खारीचा डबाही त्यातच ठेवला. तेवढीच त्याला ओळखीची चव.

सकाळी ती रानात गेली नाही. बजाबाई एकटीच विळा घेऊन गेली. जाताना म्हणाली, "माघारी घिऊन ये त्यास्नी. ठिवून येऊ नको."

दवाखान्यात माणसं दाटीवाटीनं बसली होती. नंबर लागेपर्यंत बसलिंगप्पानं तिचा पदर बोटाला गुंडाळून ठेवला. आत गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, छाती तपासली, मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आजोबा, आता कुठला महिना चालू आहे?"

बसलिंगप्पानं हेमावतीकडं बघितलं. मग छताकडं.

"बरं राहू द्या. आज वार कुठला?"

त्याचे ओठ हलले. शब्द आला नाही.

"घरी काय काय खाता?"

"खारी," बसलिंगप्पा म्हणाला. लगेच म्हणाला. त्याचं तोंड उजळलं. "अमऱ्या आणतो. रविवारी. सोलापूरची."

डॉक्टरांनी अमरेशकडं बघितलं. "किती खातात?"

"नुसती खारीच, डॉक्टर. सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर. जेवण जात नाही त्यांना, म्हणून. बाकी तेलाचा थेंब नाही, तूप नाही, शेंगदाणा नाही. म्हणजे निदान मला तरी असं वाटत होतं, पण काल..."

"किती महिने?"

"स्प्रिंग बसवून आल्यापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते बोलले ते हळूच बोलले, पण हेमावतीला सगळं ऐकू आलं. "अहो, खारीला ते पापुद्रे कशानं सुटतात? थरावर थर वनस्पती तूप थापतात. ते घट्ट राहावं म्हणूनच केलेलं असतं. यांच्या शिरांना सगळ्यात वाईट ते. हृदयाची शीर काय आणि मेंदूची काय, रक्त एकच."

"पण ती तर हलकी..." अमरेश म्हणाला.

"हाताला हलकी." डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "आणि तेल अजिबात बंद करा असं कोण म्हणालं तुम्हाला? कमी करा म्हटलं होतं. करडई तुमच्या घरची ना? तिचं दोन-तीन चमचे तेल दिवसाला चालेल. मूठभर शेंगदाणे चालतील. जवसाची चटणी द्या, मीठ कमी घालून. मेंदूलाही चांगलं स्निग्ध लागतं. तोच सुकवून ठेवला तुम्ही यांचा. तळण नको, साय नको, आणि हे बेकरीचं तर बघायचंही नाही. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू."

"गेलेले शब्द परत येतील का, डॉक्टर?" अमरेशनं विचारलं.

"गेलं त्याचं मी सांगू शकत नाही. आहे ते राखू."

बाहेर आल्यावर अमरेश भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. हेमावतीला त्याचा शर्टाचा खांदा तेवढा दिसत होता, वर-खाली होणारा. बोलायला आज तिच्याकडं पुष्कळ होतं. पण इतकी दमली होती ती, की ते ओठांपर्यंत आणायचाही कंटाळा आला. आणि आणून काय करायचं? पोरगं दर रविवारी ऊन-थंडी न बघता एवढ्या लांबून बापासाठीच आणत होतं. आणि चहावरचे ते डोळे रोज तिनंही बघितले होते.

"चल," ती म्हणाली. "वळसंगाची गाडी कुठनं लागती?"

अमरेशनं वळून बघितलं. जुळे सोलापूरचं नाव त्यानं काढलं नाही. स्टँडपर्यंत त्यानं रिक्षा केली, आणि गाडी सुटायच्या वेळी खिडकीतून आईच्या मांडीवर ती छोटी बाटली ठेवली.

"लाव हाताला," एवढंच म्हणाला.

करडई निघाली. शेवटच्या दिवशी महेश्वरीही आली होती, पोटऱ्यांना गोणपाट बांधून. अर्ध्या ओळीतच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बजाबाई म्हणाली, "सूनबाई, हितं फ्यान न्हाय हं." ढीग वाळले, काठ्यांनी बडवले, वाऱ्याला लावले. पांढरं टपोरं बी निघालं, ते घाण्यावर देऊन आले. हेमावती आता वरणाला मोजून चमचाभर तेलाची फोडणी द्यायला लागली. बसलिंगप्पाचं जेवण थोडं सुधारलं. घास लवकर उतरू लागला.

पण रविवार आला तेव्हा तो पुन्हा सोप्यात जाऊन बसला.

अमरेश सफरचंदं घेऊन आला. बसलिंगप्पानं फटफटीचं हँडल बघितलं, मुलाच्या मागं बघितलं, पिशवीत हात घालून चाचपलं. मग तो हेमावतीला म्हणाला, "अमऱ्या आला न्हाय."

"आलाय की. ह्यो काय."

"न्हाय. ह्यो कोन हाय?"

"अप्पा, मीच की," अमरेश खाली बसला. "अमरेश."

"अमऱ्या खारी आणतो," बसलिंगप्पा म्हणाला आणि तोंड भिंतीकडं केलं.

दुपारी तो जेवला नाही. रस्त्याकडं कान लावून बसला. अमरेश बाहेर जाऊन फटफटीची सीट पुसत होता. ती कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होता. दारातून हेमावतीनं दोघांकडं बघितलं. डॉक्टर म्हणाले होते, आहे ते राखू. होतं काय तर हा रविवार, आणि रविवारी येणारा मुलगा.

तिनं चूल पेटवली. नव्या ज्वारीचं पीठ परातीत घेतलं. कढत पाणी ओतून मळायला लागली तशी बोटांत मोडून राहिलेले काटे झोंबले. तिनं भाकरी थापली, इतकी पातळ की खालची परात दिसावी. तव्यावर भाजून चुलीच्या कडेनं उभी करून ठेवली. मग दुसरी केली, मग तिसरी. धगीनं त्या वाळत गेल्या, पापडासारख्या वाकल्या. तिच्या माहेरी परगावी जाणाऱ्याला अशा भाकरी बांधून देत. महिनाभर टिकायच्या. संध्याकाळपर्यंत तिची कंबर धरली. तिनं भाकरींचे खारीएवढे तुकडे केले आणि फडक्यात बांधून अमरेशच्या हातात दिले.

"हे कशाला? घरी महेश्वरी करती की."

"खायला न्हाय दिल्या. पुढल्या रविवारी येताना घिऊन ये. बेकरीतनं मोकळा डबा मागून घे. दोरा बी तसलाच लाल बांध."

 अमरेशनं ते गाठोडं हँडलला अडकवलं.

पुढल्या रविवारी भाकरी सोलापूरहून वळसंगाला परत आल्या. फटफटीचा आवाज झाला तसा बसलिंगप्पा उठून उभा राहिला.

"आला. अमऱ्या आला."

त्यानं दोरा दातांनी सोडला. एक तुकडा काढून चहात बुडवला. चहावर काही तरंगलं नाही. हेमावती चुलीपाशी बसली होती, तिचा हात वाटीतल्या चटणीवर थांबला. अमरेश उंबऱ्यावर बसला होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

बसलिंगप्पानं तुकडा तोंडात घातला, चावला, आणि थांबला. पुन्हा चावला.

"अमऱ्या."

"काय अप्पा?"

"बेकरीवाला बदलला काय रं?"

"व्हय अप्पा," अमरेश म्हणाला. "बदलला."

"ह्यो बरा हाय. कडक करतो." त्यानं दुसरा तुकडा बुडवला. तोही खाल्ला. मग डबा डाव्या हातानं पोटाशी धरून तो उठला, पाय ओढत चुलीपाशी आला, आणि एक तुकडा हेमावतीपुढं धरला.

"तगो," तो कन्नडमध्ये म्हणाला. "घे. सोलापूरची हाय. तुला असली येत न्हाय."

हेमावतीनं पदराला हात पुसले. बोटांवर काट्यांचे काळे ठिपके अजून होते. तिनं तो तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "मला कुटली यायला."